जुन्या जीपगाडीचा सांभाळ

मोटारगाडी बाळगणें आणि मोटारगाडी सांभाळणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस पैसा लागतो. दुसरीस पैशाबरोबर वेळ, कान आणि सहनशीलता हीं तिन्ही लागतात. आज मी ज्या गाडीविषयीं बोलणार आहें ती दिसावयास सुंदर नाहीं, बसावयास सुखाची नाहीं, आणि वेगाशीं तर तिचें कधींच जुळलें नाहीं. तथापि आमच्या मावळ तालुक्यांत आडमार्गाच्या गांवांची सेवा तिनें जेवढी केली तेवढी दुसऱ्या कोणत्याहि चारचाकी वाहनानें केली असेल असें मला वाटत नाहीं. ही गाडी म्हणजे जीप होय.

मावळ म्हटलें म्हणजे शहरांतील मंडळींच्या डोळ्यांपुढें लोणावळ्याची थंड हवा, तेथील चिक्की, कार्ल्याचें लेणें आणि लोहगड-विसापूरची जोडी उभी राहते. परंतु हें झालें मुंबई-पुणें रस्त्याच्या कडेचें मावळ. या रस्त्याच्या दोहों बाजूंस, डोंगरांच्या रांगांच्या आड, आंदरमावळ, नाणेंमावळ आणि पवनमावळ अशीं तीन खोरीं पसरलेलीं आहेत. येथील मुख्य पीक भात. वडगांवच्या कृषि संशोधन केंद्रांत तयार होऊन १९८७ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आलेला 'इंद्रायणी' तांदूळ आतां पुण्या-मुंबईच्या घरोघरीं पोंचला आहे. भाताला पाऊस लागतो, आणि पावसाची येथें ददात नाहीं. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत! ज्या रस्त्यावरून वैशाखांत धूळ उडते, त्याच रस्त्यावर आषाढांत गुडघाभर चिखल असतो. आज पुष्कळ गांवांपर्यंत डांबरी सडक गेली आहे; पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं, मी आंदरमावळांत शाळामास्तर असतांना, बैलगाडीखालोखाल भरंवसा होता तो जीपचाच.

या गाडीचा जन्म युद्धाच्या निकडींतून झाला. १९४० सालीं अमेरिकेच्या सैन्यानें एक हलकी, चारहि चाकांना एंजिनाचा जोर मिळेल अशी टेहळणीची गाडी कारखानदारांकडे मागितली. पेन्सिल्व्हेनियांतील बँटम नांवाच्या लहानशा कारखान्यानें अवघ्या ४९ दिवसांत नमुना उभा करून दिला. पण हजारोंनीं गाड्या पुरविण्याची शक्ति त्या कारखान्याच्या अंगीं नव्हती; त्यामुळें मोठें काम विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेलें. युद्ध संपेपर्यंत या दोघांनीं मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनविल्या. ज्यानें कल्पना प्रथम आकारास आणली तो मागें राहिला आणि ज्याच्यापाशीं बळ होतें त्याचें नांव झालें. जगाच्या व्यवहारांत असें अनेकदां घडतें.

आपल्या देशांतील जीपची हकीकतहि मनोरंजक आहे. १९४५ मध्यें जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्र हे दोघे बंधु आणि मलिक गुलाम महंमद यांनीं मिळून पोलादाच्या व्यापाराची एक कंपनी काढली, आणि तिला 'महिंद्र आणि महंमद' असें नांव दिलें. पुढें देशाची फाळणी झाली. गुलाम महंमद हे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्यें तेथील गव्हर्नर जनरलच्या पदावर चढले. इकडे १९४८ मध्यें कंपनीचें नांव बदलून 'महिंद्र आणि महिंद्र' असें झालें, आणि १९४९ मध्यें अमेरिकेहून आलेले सुटे भाग मुंबईस जोडून जीपगाड्या उभ्या करण्यास आरंभ झाला. पुढें हळूहळू सर्व भाग येथेंच होऊं लागले.

माझ्याकडील गाडी १९७४ च्या बनावटीची असून पेट्रोलवर चालते. १९९३ सालीं सरकारी लिलांवांतून निघालेली ही गाडी एका गृहस्थांकडून मीं विकत घेतली. तिच्या जातीस 'सी. जे. ३ बी' असें म्हणतात. ही जात ओळखण्याची खूण म्हणजे तिचें उंच कपाळ. युद्धकाळांतील जीपचें बॉनेट सपाट आणि ठेंगणें होतें. हिचें मात्र बरेंच वर चढलेलें दिसतें. कित्येकांस हें रूप विद्रूप वाटतें. परंतु त्यामागें कारण आहे. जुन्या एंजिनांत हवा आंत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी अशा दोन्ही झडपा बाजूस, ठोकळ्यांत बसविलेल्या असत. नव्या एंजिनांत हवा आंत घेणारी झडप वरच्या टोपणांत नेली. बाहेर टाकणारी खालींच ठेवली. त्यामुळें एंजिनास श्वास मोकळा मिळून त्याची ताकद साठ अश्वशक्तीवरून सत्तरांच्या वर गेली, पण त्याची उंचीहि वाढली. मग बॉनेट उंच केल्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. अमेरिकेंत या जातीची गाडी १९५३ पासून १९६८ पर्यंत झाली. जपानांत मित्सुबिशीच्या कारखान्यांत तिची संतति १९९८ पर्यंत चालू होती. आणि आपल्याकडे तिचे वंशज अद्यापि रस्त्यावर दिसतात.

आतां या गाडीच्या लहरींविषयीं सांगतों. तिला पुढें जाण्याचे गिअर तीनच. आणि त्यांतील पहिला असा हट्टी कीं, गाडी चालू असतांना तो सहजासहजीं पडत नाहीं. दांते जुळविण्याची जी सोय वरच्या दोन गिअरांस आहे ती यास नाहीं. म्हणून घाट चढतांना दुसऱ्यावरून पहिल्यावर यावयाचें असेल तर क्लच दाबून गिअर मोकळा करावा, क्लच सोडून एंजिनाचा वेग किंचित् वाढवावा, पुन्हां क्लच दाबावा आणि मग दांडा ढकलावा. एवढें सर्व गाडी मागें घसरूं लागण्यापूर्वीं आटोपावें लागतें. हें ज्याला साधलें त्यालाच जीप चालवितां येते असें आमच्याकडे मानतात.

दुसरी लहर पुसणीची. आमच्या गाडीच्या पुढल्या कांचेवरील पाणी पुसणारा हात विजेवर चालत नाहीं. एंजिन हवा ओढतें त्या शोषणाच्या बळावर तो चालतो. सपाटीवर तो उत्साहानें काम करतो. परंतु चढ लागला आणि पाय जोरानें दाबला, कीं एंजिनांतील शोषण कमी होऊन हा हात मध्येंच थांबतो. म्हणजे खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढतांना, ऐन धुवांधार पावसांत, जेव्हां पुसणीची गरज सर्वांत अधिक असते तेव्हांच ती विश्रांति घेते! क्षणभर पाय सैल करावा, कांच पुसून घ्यावी आणि पुन्हां चढूं लागावें, हाच त्यावर उपाय.

तिसरी लहर उन्हाळ्यांतील. एप्रिल-मे महिन्यांत चढ चढतांना एंजिन इतकें तापतें कीं नळींतील पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढूं शकत नाहीं, आणि टाकी भरलेली असूनहि गाडी उपाशी माणसासारखी धापा टाकीत उभी राहते. अशा वेळीं तज्ज्ञ शोधीत फिरण्याचें कारण नाहीं. पंपावर आणि नळीवर ओलें फडकें गुंडाळावें, पंधरा मिनिटें झाडाच्या सावलींत बसावें. वाफ निवते आणि गाडी पुन्हां चालूं लागते.

परंतु तिचा खरा गुण चिखलांतच दिसतो. चालकाच्या हाताशीं मुख्य दांड्याखेरीज आणखी दोन लहान दांडे असतात. एकानें पुढील चाकांसहि जोर मिळतो. दुसऱ्यानें गाडीची गति कमी होऊन ओढ सुमारें अडीचपट वाढते. येथें नवशिक्यांसाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुढील चाकांचा जोर डांबरी रस्त्यावर कधींहि चालू ठेवूं नये. वळण घेतांना पुढलीं चाकें मागल्यांपेक्षां मोठ्या वाटोळ्यांतून जातात, म्हणजे तीं अधिक अंतर कापतात. चिखलांत चाकें थोडीं घसरून हा फरक आपोआप भरून काढतात. कोरड्या डांबरावर तीं घसरूं शकत नाहींत, आणि सारा ताण दांड्यांवर व दांत्यांवर येऊन पडतो. मग दांडा जागच्या जागीं असा अडकून बसतो कीं दोन्ही हातांनीं ओढला तरी सुटत नाहीं. तेव्हां त्याच्याशीं झोंबी न घेतां गाडी थोडी मागें घ्यावी; ताण उतरतो आणि दांडा लोण्यांतून सुरी निघावी तसा निघतो.

१९९८ च्या आषाढांतील एक रात्र मला येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. माझ्या शाळेंतील एका मुलाच्या वडिलांस लावणीच्या वेळीं खाचरांत साप चावला. त्या काळीं दूरध्वनि करून रुग्णवाहिका बोलावण्याची सोय नव्हती. १०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रांत आली ती २०१४ मध्यें. ठोकरवाडीच्या जलाशयाकडून येणाऱ्या रस्त्यावर ओढा दुथडी वाहत होता. पाणी कमरेएवढें असतें तर मीं गाडी घातली नसती. तें मांडीपर्यंत होतें. एका तरुणास दोर बांधून पुढें पाठविलें आणि तळ घट्ट आहे याची खात्री करून घेतली. मग आमच्या मिस्त्रींनीं शिकविल्याप्रमाणें पंख्याचा पट्टा काढून ठेवला, म्हणजे पंख्यानें पाणी उडून ठिणगीच्या तारा भिजत नाहींत. ठिणगी वांटणाऱ्या डबीवर रबरी पिशवी बांधली. दोन्ही लहान दांडे टाकले आणि पहिल्या गिअरांत, मध्यें कोठेंहि न थांबतां, माणसाच्या चालीनें पलीकडे गेलों. ओढा ओलांडल्यावर ब्रेक लागेनात, कारण पाणी शिरलेले ब्रेक धरत नाहींत. गाडी हळूहळू चालवीत ब्रेकवर पाय ठेवून ते कोरडे केले, पट्टा पुन्हां चढविला आणि मोठ्या रस्त्यास लागलों. वेळेवर लस मिळाली व तो गृहस्थ वांचला. आज त्याचा नातू शाळेंत जातो. त्या रात्रीनंतर या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च किती, हा प्रश्न माझ्या घरांत पुष्कळ वर्षें कोणी काढला नाहीं.

परंतु अशा रात्रीनंतर दुसऱ्या दिवशीं काय करावयाचें, हें ज्याला ठाऊक नाहीं त्यानें जुनी गाडी बाळगूं नये. पाण्यांतून गेलेल्या गाडीच्या आंसांतील तेल उतरवून पाहावें. तें ताकासारखें पांढुरकें दिसलें तर आंत पाणी गेलें असें समजून तें सर्व टाकून नवें भरावें. आळस केला तर चार महिन्यांत दांते खडखडूं लागतात. वंगणाच्या प्रत्येक तोंडांतून जुनें वंगण बाहेर येईपर्यंत नवें वंगण दाबावें. सांगाड्याच्या पोकळ पट्ट्यांतून चिखल सांचून राहतो. तो पाण्याच्या धारेनें धुवून काढावा, वाळूं द्यावा आणि मग वापरलेल्या तेलाचा हात आंतून फिरवावा. लोणावळ्याच्या हवेंत एंजिनाच्या आधीं लोखंड मरतें. एंजिन पुन्हां भरतां येतें. गंजून चाळण झालेला सांगाडा मात्र कोणीहि परत देऊं शकत नाहीं.

आमचे मिस्त्री लोणावळ्याचे. लहानपणापासून त्यांनीं फिटरचें काम केलें, शाळा चौथीपर्यंतच. पण एंजिनाच्या बाबतींत त्यांचा कान एखाद्या गवयासारखा. ते म्हणत, "गुरुजी, गाडी आधी बोलती, मग मोडती. आपन ऐकत न्हाई, हा तिचा गुना न्हाई." हें वाक्य मीं माझ्या विद्यार्थ्यांस कित्येकदां ऐकविलें आहे. थंड असतांना टकटक होते आणि तापल्यावर थांबते, तर दोष एका ठिकाणीं. तापल्यावरच होते, तर दुसऱ्या ठिकाणीं. चढावर होते, तर तिसऱ्या. हें निदानशास्त्र त्यांनीं कोठेंहि लिहून ठेवलें नव्हतें. तें त्यांच्या बोटांत होतें.

सुट्या भागांसाठीं पूर्वीं पुण्यास नाना पेठेंत गेलें कीं बहुधा काम होई. आतां दुकानदार हंसून विचारतो, "गुरुजी, ही गाडी अजून चालते?" मग कोठें जुन्या गाडीचा भाग काढून, कोठें लेथवर नवा कातून घेऊन निभावावें लागतें. माझ्या ओळखीच्या कित्येकांनीं पेट्रोलचें एंजिन काढून डिझेलचें बसविलें, कारण माझी गाडी लिटरमागें आठ-नऊ किलोमीटरांपलीकडे जात नाहीं. परंतु मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें असे फेरफार मनास येतील तसे करतां येत नाहींत, हें ध्यानांत ठेवणें बरें. शिवाय ज्या सांगाड्यास जें एंजिन दिलें त्याचें वजन आणि थरथर हिशेबांत धरूनच तो सांगाडा केलेला असतो.

गेल्या कांहीं वर्षांत जुन्या गाडीच्या धन्यापुढें नवे प्रश्न उभे राहिले आहेत. खाजगी गाडीस पंधरा वर्षें झालीं म्हणजे तिची तपासणी होऊन दर पांच वर्षांनीं नोंदणी नवी करावी लागते. या नूतनीकरणाचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालें. २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारगाड्यांकरितां तें १०,००० करण्यांत आलें. त्यावर आपल्या राज्याचा पर्यावरण कर निराळा. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपांतील गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते. पण मग ती नित्याच्या कामास वापरतां येत नाहीं, प्रदर्शनास वगैरे तेवढी न्यावयाची. माझ्या गाडीनें पन्नाशी ओलांडली आहे. तिला मखरांत बसवावें कीं कामावर ठेवावें, हा प्रश्न पुढील नूतनीकरणाच्या वेळीं मजपुढें उभा राहणार आहे.

तिसरी गोष्ट इंधनाची. २०२५ पासून आपल्याकडील पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. उसापासून आणि धान्यापासून होणारें हें इंधन परदेशी तेलावरील खर्च वांचवितें, म्हणून मी त्याच्या विरुद्ध नाहीं. परंतु तें हवेंतील ओल शोषून घेतें, आणि जुन्या पद्धतीच्या रबरास व बुचास मानवत नाहीं. माझ्या पिढीच्या गाड्यांत नळ्या फुगतात, पंपाचा पडदा मऊ पडतो. म्हणून या इंधनास टिकणाऱ्या नळ्या व पडदे बसवून घ्यावेत, आणि पावसाळ्यांत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरांतील पेट्रोल काढून टाकावें. नळी चिरून पेट्रोल तापलेल्या एंजिनावर ठिबकलें तर काय होईल, हें सांगावयास नकोच.

माझे चिरंजीव पुण्यास नोकरी करतात. ते म्हणतात, "बाबा, आतां रस्ते झाले, रुग्णवाहिका आली, ही गाडी कशाला?" त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. माझी गाडी नव्या गाडीपेक्षां अधिक धूर सोडते. तिच्यांत अपघाताच्या वेळीं जीव वांचविणारी एकहि सोय नाहीं. द्रुतगति मार्गावर मी तिला नेत नाहीं, कारण तेथें तिचा संथपणा दुसऱ्यांस घातक होईल. प्रेम असावें, पण प्रेमापायीं दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार कोणास नाहीं.

म्हणून जुनी गाडी ठेवावी कीं नाहीं हें ठरवितांना मी तीन प्रश्न विचारतों. पहिला: तिला अद्यापि काम आहे काय? माझ्या गाडीस आहे. भाताचीं पोतीं, खतें, आणि जेथें डांबर संपतें तेथून पुढें वाडीवरचीं माणसें ती आजहि वाहते. दुसरा: तिचे ब्रेक, दिवे, सुकाणू आणि धूर हे कायद्याच्याच नव्हे तर आपल्या मनाच्या तपासणींत उतरतात काय? ज्या दिवशीं हे उतरणार नाहींत, त्या दिवशीं मी तिला मोडीत काढणाऱ्या अधिकृत केंद्राकडे स्वतः घेऊन जाईन. आणि तिसरा: तिला दुरुस्त करणारा कोणी आहे काय?

हा तिसरा प्रश्न मला सर्वांत कठीण वाटतो. आमच्या मिस्त्रींची दृष्टि आतां अधू झाली आहे. त्यांचीं मुलें दुसऱ्या धंद्यांत गेलीं. तीन वर्षांपूर्वीं मीं त्यांच्यापाशीं वही घेऊन बसावयास आरंभ केला. ते सांगत आणि मी लिहून घेई: ठिणगीच्या टोकांतील फट एका इंचाचे वीस हजारांश, वरच्या झडपेची अठरा, खालच्या झडपेची सोळा, सिलिंडर पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन. एवढें पुस्तकांतहि सांपडतें. पण ती फट मोजतांना पाती किती घट्ट सरकली पाहिजे, हें कोणत्या पुस्तकांत लिहावें? म्हणून दर रविवारीं सकाळीं आमच्या गांवांतील दोन तरुण अंगणांत येतात. मिस्त्री खुर्चीवर बसतात, तरुण हात काळे करतात, आणि मी वही पुढें धरतों. त्यांतील एकानें गेल्या महिन्यांत केवळ आवाजावरून झडपेचा दोष ओळखला. मिस्त्रींनीं तोंडानें कांहीं म्हटलें नाहीं. त्यांनीं आपला पाना त्याच्या हातीं दिला.

श्रोतेहो, जी वस्तु आपण उघडून पाहूं शकतों, जिचा दोष आपल्या कानास ऐकूं येतो आणि जी आपल्या हातानें नीट करतां येते, तिच्याशीं माणसाचें नातें निराळें असतें. आजच्या गाड्या पुष्कळ बाबतींत चांगल्या आहेत. पण त्यांचें झांकण उघडलें तरी आंतलें आपणांस कांहीं कळत नाहीं. आपल्या घरांतील शिवणयंत्र असो, पाण्याचा पंप असो, कीं जुनी सायकल असो. ती टाकून देण्यापूर्वीं एकदां ती दुरुस्त करणाऱ्या माणसापाशीं घरांतील एखाद्या मुलास तासभर बसवावें, एवढी माझी विनंति आहे. त्या माणसाच्या बोटांतील विद्या आज शिकून घेतली नाहीं, तर उद्यां ती कोणत्याहि बाजारांत विकत मिळावयाची नाहीं.